एका रईचं रान

नोखूचाचांनी त्याला चहा दिला. सुयोगला तेच सगळ्यात जड गेलं.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शेवटचे चौदा तास बसमध्ये बसून सुयोग काटकर तीच तयारी करत आला होता. चाचा काय म्हणतील, आपण काय म्हणायचं, कुठं मान खाली घालायची. आणि इथं म्हातारा पितळी ग्लास पुढं करून विचारत होता, "साखर कमी पडली का?"

"नाही चाचा. बरोबर आहे."

"मग औषध प्यायल्यासारखं काय पितोस?"

सुयोगनं ग्लासात बघितलं, कारण समोर बघायचं म्हणजे डोंगराकडे बघावं लागलं असतं. शलीण हे कुल्लूकडच्या एका आडवळणी दरीतलं पंचवीस घरांचं गाव. गावाच्या मागं आधी एक सौम्य उतार, मग एक ओढा, आणि ओढ्यापलीकडं थेट कड्यापर्यंत चढत गेलेलं वरचं जंगल. तीन वर्षांपूर्वी सुयोग पहिल्यांदा आला तेव्हा ते जंगल काळपट हिरवं होतं. आता त्याच्या मधोमध विटकरी रंगाचा पट्टा होता. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काहीतरी फुललंय. जवळ गेलं की कळायचं, सुया वाळून लाल झालेली, उभ्या उभ्या मेलेली झाडं आहेत. ड्रोननं मोजली होती. तीनशे बारा.

झाडं स्प्रूसची. आठ-नऊ हजार फुटांवर वाढणारं, सरळसोट, फांद्यांवर ओल्या शाली वाळत घातल्यासारखं दिसणारं झाड. दोनशे वर्षं सहज जगतं.

"किती दिवस आहेस?" चाचांनी विचारलं.

"तीन. थोडे फोटो काढायचेत. कागदपत्रं आहेत."

"परवा देवाचा दरबार आहे. थांब तेवढा. माझं पण कागदपत्र आहे तिथं," चाचा म्हणाले आणि हसले.

त्यांची सून सत्या चुलीपाशी बसून सिड्डूच्या वाफवलेल्या रोट्यांचं पीठ मळत होती. ती हसली नाही. "दोन वर्षांमागं देवानं विचारलं नव्हतं, आता विचारतोय," ती म्हणाली. "कंपनीला वरच्या जंगलात पांढरी भुकटी टाकायला हो कोण म्हणालं, असं. हे उठून उभे राहिले. म्हणे, मी."

"मग मीच म्हणालो होतो ना," चाचा म्हणाले.

नोखूराम गावाचे राखे होते. राखा म्हणजे देवाच्या वतीनं जंगल सांभाळणारा. सरकारी नाही, पगार नाही, पण त्याच्या हो-नाहीशिवाय कुणी कुऱ्हाड उचलत नाही. चार पिढ्या ते काम त्यांच्या घरात होतं, आणि त्यासोबत मिळालेला मान म्हणजे देवाच्या पालखीचा, तिथल्या भाषेत रथाचा, पुढचा डावा खांदा. सहा महिन्यांपूर्वी राखेपण गेलं. आता परवा खांदा जाणार होता.

"चाचा, बर्फ पडला नाही म्हणून झालं ते," सुयोग म्हणाला. "कीड लागली. तुमचा काय दोष?"

"बर्फ शेजारच्या दरीत पण नाही पडला बेटा," चाचा शांतपणे म्हणाले. "तिथली रई उभी आहे."

सुयोगनं चहा संपवला. गरम होता, जीभ भाजली.

*

सुयोगच्या कंपनीचं मशीन बाहेरून बघितलं तर काहीच नव्हतं. हातभर लांबीच्या सुया. एका हेक्टरात शंभर. गावातले लोक त्याला सुईवाली मशीन म्हणायचे, कंपनीनं नाव ठेवलं होतं मुळाक्षर. सुई मातीत खुपसली की दर दहा मिनिटांनी सांगायची: ओल किती, आंबटपणा किती, कॅल्शियम किती, ॲल्युमिनियम किती सुटलंय. झाडांच्या मुळांना बुरशीचे धागे गुंडाळलेले असतात, त्यांच्यातून जाणारे अगदी बारीक विजेचे झटकेसुद्धा ती पकडायची. दोन हजार एकेचाळीस सालापर्यंत जंगलाच्या खाली काय चाललंय हे कुणी इतकं बारीक ऐकलेलं नव्हतं.

पण ऐकणं वेगळं आणि समजणं वेगळं.

या झाडाखाली सुयांसारखी पानं पडतात. पाती. ती लवकर कुजत नाहीत, थरावर थर साचतात आणि माती आंबट करतात. आपल्याकडच्या कुणाला विचारा, आंबट माती म्हणजे आजारी माती. या झाडाला मात्र त्या आंबटात राहायची सवय असते. बुरशी त्यातूनच त्याचं जेवण आणून देते. फक्त एका हद्दीपलीकडं आंबटपणा गेला की मातीतलं ॲल्युमिनियम सुटतं आणि मुळांची टोकं करपतात. आता ती हद्द कुठं? माणसाला ताप आहे का हे बघायचं तर निरोगी माणसाचं अंग किती गरम असतं ते आधी माहीत लागतं. जंगलाचं तसं कुठं लिहून ठेवलेलं नाही, आणि दर दरीत ते वेगळं. म्हणून मुळाक्षरला प्रत्येक दरीत जमिनीचा एक तुकडा दाखवावा लागायचा: हे बघ, इथं माणसाचा हात लागलेला नाही, हे निरोगी, आता बाकीचं याच्याशी ताडून बघ. ऑफिसात त्याला नमुना म्हणायचे.

नमुना शोधायचं काम सुयोगचं.

त्याला ते काम मिळालं याचं त्याला स्वतःलाच नवल वाटायचं. पाटणजवळच्या एका वाडीतला मुलगा. डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सुटलेला. वडील पवनचक्क्यांच्या साइटवर क्रेन चालवायचे, आणि हा क्रेनच्या सावलीत बसून फोनवर व्हिडिओ बघून प्रोग्रॅमिंग शिकलेला. मुलाखतीत श्रुती पेंढारकर मॅडमनी विचारलं होतं, जंगलाशी तुझा काय संबंध? तो म्हणाला होता, आमच्या वाडीमागं देवराई आहे. तिथली काटकीसुद्धा कुणी उचलत नाही. मी तिच्या कडेला वाढलोय. मॅडमना ते आवडलं होतं.

मग तो शलीणला आला. याच अंगणात बसला. फोनवर रेकॉर्डिंग लावलं आणि नोखूचाचांना विचारलं, जंगलात कुठं कुठं तुम्ही हात लावत नाही? चाचांनी खालच्या उताराकडं हात फिरवला आणि म्हणाले, "देऊ री रई छोड के, बाकी सब में पाती उठती है."

सुयोगच्या अंगावर काटा आला. देवराई. दोन हजार किलोमीटरवर, बर्फाच्या देशात, तोच शब्द.

त्यानं नोंद केली: खालचा उतार देवराई, कुणी हात लावत नाही. बाकीचं म्हणजे वरचं जंगल, तिथून पाती उचलतात. पुण्याला परत जाऊन त्यानं या एका शब्दावर वीस मिनिटांचं सादरीकरण केलं. पडद्यावर डावीकडं त्याच्या वाडीचं रान, उजवीकडं शलीणचा उतार. पेंढारकर मॅडम सहसा कुणाला छान म्हणत नाहीत. त्या दिवशी म्हणाल्या, "सुंदर आहे हे." महिन्याभरानं तो फील्डचा प्रमुख झाला.

मशीननं नमुना पाहिला. खालचा उतार कमी आंबट, वरचं जंगल बरंच आंबट. म्हणजे वरचं जंगल आजारी. औषध: आंबटपणा मारणारी डोलोमाइटची भुकटी, हेक्टरी तीन टन, ड्रोननं.

परवानगीला पुन्हा चाचा. "आम्ही पण राख टाकतो," ते म्हणाले होते. "मुठीनं. तुम्ही तर पोती आणलीत."

"दगडाचीच भुकटी आहे चाचा. तुम्ही फक्त हो म्हणा."

राख कुठं टाकता, हे सुयोगनं विचारलं नाही. आणि चाचांनी हो म्हटलं, कारण मुलगा चांगला होता.

पहिल्या वर्षी जंगल असं हिरवं झालं की कंपनीनं त्याचं कॅलेंडर छापलं. दुसऱ्या वर्षी ओढ्याचं पाणी गढूळ व्हायला लागलं. दोनशे वर्षं साचलेला पातीचा थर भुकटीमुळं दोन वर्षांत कुजून चालला होता, त्यातलं नायट्रेट पाण्यात उतरत होतं. झाडांना वरच्या चार बोटांतच एवढं जेवण मिळायला लागलं की त्यांनी नवी मुळं वरच फेकली, खोल जायचं सोडलं. मग बर्फाशिवाय एक हिवाळा गेला. एप्रिलमध्ये ती वरची चार बोटं पापडासारखी वाळली. तहानलेल्या झाडाला डिंक सोडायचं बळ नसतं, आणि डिंक नसला की खोडकिडा सालीखाली शिरतो.

कंपनीच्या अहवालात दोन कारणं लिहिली होती. बर्फ नाही, कीड आली. दोन्ही खरी. खाली एक रकाना रिकामा होता, फील्ड प्रमुखानं भरायचा: नमुन्याची खात्री केली? त्यावर सही झाली की सोमवारपासून मुळाक्षर अकरा दऱ्यांमध्ये जाणार होतं, शलीणमधली नमुना निवडायची पद्धत पाया धरून.

त्या रकान्यासाठी सुयोग आला होता.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खालच्या उतारावर फोटो काढायला गेला. निरोगी नमुन्याचे चार फोटो, चार दिशांनी, मग परत.

उतारावर सात-आठ बायका होत्या. लोकरीचे पट्टू कमरेशी खोचलेले, हातात लाकडी दाताळी, पाठीला किलटे, म्हणजे खाली निमुळत्या होत जाणाऱ्या बांबूच्या टोपल्या. खसाखसा पाती ओढत होत्या आणि टोपल्यांत भरत होत्या. सत्या त्यांच्यात होती.

सुयोगला आधी वाटलं, आपण चुकीच्या उतारावर आलो.

"भाभी, हे इथं चालतं?"

"काय चालतं?"

"पाती उचलणं. इथं."

"मग काय वर जाऊन उचलू?" सत्यानं कड्याकडं हनुवटी उडवली. "तिथून टोपली घेऊन उतरायला बकरी व्हावं लागेल भाईजी. इथूनच नेतो. गोठ्यात पसरायला. माझी सासू नेत होती, तिची सासू नेत होती."

बाजूची बाई म्हणाली, "आणि राख आणायची. ते सांग त्याला. नेलं तेवढं परत द्यायचं असतं." तिनं टोपलीतून एक फडकं काढलं. चुलीची राख होती. तिनं ती झाडाच्या बुंध्याभोवती मुठीनं शिंपडली, रांगोळीसारखी, आणि हात झटकले.

शंभर वर्षांची राख. त्यावर गुरांचं शेण. म्हणून माती कमी आंबट. सुयोगला हे समजायला मशीन लागलं नाही.

"पण ही देवराई आहे ना?" त्याचा आवाज त्यालाच बारीक ऐकू आला.

"काय आहे?"

"देवराई. चाचा म्हणाले होते. इथं हात लावत नाही म्हणून."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मग सत्या दाताळ्यावर रेलली आणि लहान मुलाला दाखवावं तसं बोट केलं. उताराच्या मधोमध एक झाड होतं, बाकीच्यांहून दुप्पट जाड. बुंध्याला लाल-पिवळे धागे. त्याच्याभोवती दहा-बारा पावलांचं वर्तुळ, तिथं पाती गुडघाभर साचलेली.

"ती. देऊ री रई. देवाची रई. ती सोडून बाकी सगळीकडं उचलतो."

"रई म्हणजे..." सुयोग थांबला. "रई म्हणजे काय?"

सगळ्या हसल्या. एकीला तर टोपली खाली ठेवावी लागली. तीन वर्षं हा माणूस ज्या झाडांत सुया खुपसत फिरतोय, त्या झाडाचं नाव विचारतोय. "अहो, हे!" त्या बाईनं शेजारच्या खोडावर थाप मारली. "हे. रई. तुम्ही काय म्हणता?"

ऑफिसात ते स्प्रूस म्हणायचे. फॉर्मवर लॅटिन नाव होतं. तोंडातला शब्द कुणी कधी विचारलाच नव्हता. आणि चाचा काल म्हणाले होते, तिथली रई उभी आहे. त्यानं तेही रानच ऐकलं होतं.

तो ओढ्यापाशी जाऊन बसला आणि तीन वर्षांपूर्वीचं रेकॉर्डिंग लावलं. देऊ री रई छोड के. पुन्हा लावलं. देऊ, री, रई. तीन शब्द होते. इतके स्पष्ट, की न ऐकू येण्यासाठी माणसाला स्वतःच्या वाडीचा जोरात अभिमान वाटायला हवा.

एवढ्यावर थांबलं असतं तर चूक शब्दाची होती. शब्द कुणाचाही चुकतो. पण पाण्याकडं बघता बघता सुयोगला आणखी एक गोष्ट आठवली. त्यानं लॅपटॉप उघडून जुन्या नोंदी काढल्या. होती. मशीननं सुया लावल्यावर चौथ्याच दिवशी विचारलं होतं:

खालच्या उतारावर पातीचा थर बोटभर. वरच्या जंगलात दीड वीत. दिलेली नोंद उलटी वाटते. जागेवर जाऊन खात्री केली?

खाली उत्तर. खात्री केली. सु. काटकर. प्रश्न आणि उत्तरात अंतर तीन सेकंदांचं.

तो दिवस त्याला आता नीट आठवला. पाय मुरगळला होता. वनखात्याच्या झोपडीत बसून राजमा-भात खात होता. चार दिवसांनी पुण्यात सादरीकरण होतं, आणि त्याला तो शब्द हवा होता. झोपडीतून उतरून वीस मिनिटं चाललं असतं तर दिसलं असतं. त्यानं डाव्या हातानं बटण दाबलं आणि उजव्या हातानं लोणचं घेतलं.

मशीननं विचारलं होतं. मशीनचं काही चुकलं नव्हतं.

*

"मॅडम, नमुन्यात थोडा गोंधळ असू शकतो," त्यानं दुपारी फोनवर सांगितलं.

"थोडा म्हणजे?" श्रुती पेंढारकर जेवत होत्या, चमच्याचा आवाज येत होता.

"म्हणजे खालच्या उतारावर लोकांचा वावर आहे. थोडाफार."

चमचा थांबला. "सुयोग, हे बघ. बर्फ पडला नाही हे खरं आहे. कीड खरी आहे. अहवालात एकही वाक्य खोटं नाही. तू जे सांगशील ते मी त्यात घालीन. पण नीट सांग, आणि तूच सांग. माझ्याकडून वदवून घेऊ नकोस."

घरच्या गच्चीचं काम निघालं होतं. वडिलांनी वाडीत सगळ्यांना सांगितलं होतं, पोरगा हिमालयात झाडांचा डॉक्टर आहे.

"नाही, म्हणजे वावर किरकोळच आहे," तो म्हणाला.

"ठीक."

फोन ठेवून त्यानं रकाना उघडला. नमुन्याची खात्री केली? त्यानं होय दाबलं. या वेळी तीन सेकंद नाही लागले. अर्धा तास लागला. पण दाबलं.

संध्याकाळी सत्यानं तूप घालून सिड्डू वाढले. चाचा शेजारी बसून एका जुन्या पांढऱ्या सदऱ्याला बटण लावत होते. दरबारासाठी. सुईत दोरा जाईना. त्यांनी सुई-दोरा सुयोगपुढं धरला. "तुझं काम आहे हे. सुईवाला तू."

सुयोगनं दोरा ओवून दिला.

*

देवाचा दरबार दुपारी भरला. देवळासमोरचं दगडी अंगण, मध्ये रथ, चांदीचे मुखवटे, रंगीत कापडं. चार जणांनी खांद्यावर घेतलेला. पुढच्या डाव्या खांद्याला नोखूचाचा होते, शेवटच्या वेळी. बटण नीट बसलं होतं. गूर, म्हणजे ज्याच्या अंगात देव येतो तो, टोपी काढून, केस मोकळे सोडून बसला होता. एरवी तो पंचायतीत नळाचं काम बघायचा.

सुयोग भिंतीपाशी उभा होता. बॅग भरलेली. तीनची बस.

गूर घोगऱ्या आवाजात बोलायला लागला. कारदार, म्हणजे देवाचा कारभार बघणारा, हिंदीत सांगत होता. वरच्या जंगलातल्या रईला विष कुणी पाजलं? नोखूराम, तुझ्या जिभेनं. कबूल?

"कबूल," चाचा म्हणाले.

"कुणी बोलायला लावलं?"

सुयोगला वाटलं, आता आपलं नाव येणार. त्याला ते हवं होतं. कुणीतरी नाव घ्यावं, म्हणजे आपल्याला काढावं लागणार नाही.

"कुणी नाही," चाचा म्हणाले. "जीभ माझी, मी हलवली."

मागचा एक माणूस पुढं आला, रथाचा तो दांडा आपल्या खांद्यावर घ्यायला. चाचा वाकले. वाकताना त्यांनी दांड्यावरून एकदा हात फिरवला, बैलाच्या मानेवरून फिरवतात तसा.

"थांबा," सुयोग म्हणाला.

कुणाला ऐकू गेलं नाही. ढोल वाजत होता. तो चालत अंगणाच्या मध्ये गेला आणि कारदाराच्या समोर उभा राहिला. "मला सांगायचंय. यांनी बरोबर सांगितलं होतं. मी चुकीचं ऐकलं."

ढोल थांबला.

मग त्यानं सांगितलं. तयारी नव्हती, त्यामुळं सगळं उलटसुलट आलं. आधी लोणचं आलं, मग शब्द. आमच्याकडं देवराई म्हणजे देवाचं रान. अख्खं रान. मी एका झाडाचं रान केलं. तुमचा राख टाकलेला उतार मी अस्पर्श म्हणून लिहिला, आणि ज्या जंगलाला कुणी कधी हात लावला नव्हता ते आजारी ठरवलं. ते आजारी नव्हतं. ते तसंच असतं. मशीननं मला विचारलं होतं, जाऊन बघितलंस का. मी न जाता हो म्हणालो. आणि काल पुन्हा हो म्हणालो. काल मला माहीत होतं.

मागून कुणीतरी हसलं. कदाचित लोणच्याला. एक म्हातारी म्हणाली, "नाव पण नाही विचारलं झाडाचं," आणि तिनं तोंड फिरवलं. गूर त्याच्याकडं बघत होता. देव बघत होता की नळवाला, सुयोगला कळलं नाही.

"तुझ्या गावात रई आहे?"

"नाही."

"मग तुझ्या रानात काय आहे?"

"अंजन. जांभूळ. गेळा. हिरडा." त्याला पुढची नावं आठवेनात. त्याच्या लक्षात आलं, त्या रानातल्या अर्ध्या झाडांची नावं त्याला कधीच माहीत नव्हती. तो फक्त कडेला वाढला होता.

रथ एकदा डावीकडं कलला, म्हणजे देवानं कौल दिला. कारदार म्हणाला, खांदा नोखूरामचा राहील. आणि याचं काय करायचं ते नोखूरामनं ठरवावं, कारण याच्या वाटणीचं सहा महिने त्यानं सोसलंय.

सुयोगनं त्यांच्याकडं बघितलं आणि त्याला कळलं, कालपर्यंतचा चहा संपला. ते रागावले नव्हते. ते त्याला नव्यानं बघत होते, ओळख नसल्यासारखं.

"काल पण हो म्हणालास," ते म्हणाले. "माझ्या सुईत दोरा ओवण्याआधी की नंतर?"

"आधी."

चाचांनी मान हलवली. "उद्या सकाळी ये. चामड्याचं काही घालू नकोस. कमरेचा पट्टा पण नको."

बस गेली. सुयोगनं देवळाच्या पायरीवर बसून होयचं नाही केलं, रेकॉर्डिंग जोडलं, जुनी नोंद जोडली, आणि मॅडमना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मला कळायला हवं होतं," त्या शेवटी म्हणाल्या. "रईखाली एवढी गोड माती कशी असेल? पण मला पण ते सादरीकरण फार आवडलं होतं." मग म्हणाल्या, "अकरा दऱ्या थांबवते. तुला मात्र..."

"माहितीय, मॅडम."

*

सकाळी दोघं ओढा ओलांडून वर गेले. सुयोगच्या पायात कापडी बूट, कमरेला सुतळी. चाचा पुढं चालत होते. विटकरी पट्टा सुरू झाला तिथं ते पहिल्या झाडापाशी थांबले.

"हात ठेव."

सुयोगनं तळहात ठेवला. साल सुटत होती. खाली किड्यांनी कोरलेल्या रेघा, कुणीतरी घाईनं लिहिलेल्या.

"काय आहे?"

"राई."

"राई नाही. रई. काय आहे?"

"रई."

"किती?"

सुयोगनं वर बघितलं. पुढं मागं सगळीकडं लाल खोडं होती. "तीनशे बा..."

"हातातली किती?"

"एक."

"चल."

दुसरं झाड. काय? रई. किती? एक. तिसरं. चाचा काही झाडांपाशी जास्त थांबायचे. हिच्यावर वीज पडली होती, त्याला छप्पन वर्षं झाली, तरी जगली. हिला अस्वल पाठ घासायचं, बघ, इथं गुळगुळीत. ही आजोबांनी राखली, ठेकेदार आला होता तेव्हा. काही झाडांपाशी ते काहीच बोलायचे नाहीत, नुसते विचारायचे. किती? एक.

सुयोगला वाटलं होतं, पन्नासाव्या झाडापर्यंत सवय होईल, शब्द नुसता तोंडातून यायला लागेल. तसं झालं नाही. दर झाडाची साल वेगळी लागत होती. शंभराच्या पुढं त्याचा घसा बसला. चाचांनी पाण्याची बाटली दिली, पण विचारणं थांबवलं नाही.

दुपारी एका आडव्या पडलेल्या, फार जुन्या खोडापाशी ते टेकले. हे भुकटीच्या कितीतरी आधी पडलेलं होतं. कुजून मऊ झालेलं, शेवाळलेलं, आणि त्याच्या पाठीवर बोटभर उंचीची हिरवी रोपं. रांगेत, शाळेतल्या प्रार्थनेसारखी.

"वनखातं म्हणतंय मेलेली सगळी कापून नेतो," चाचा म्हणाले. झाडांची ओळख सोडली तर सकाळपासूनचं हे त्यांचं पहिलं वाक्य. "तू शिकलेला आहेस. त्यांना लिहून दे, नेऊ नका म्हणावं. नवी रई जुन्या रईच्या अंगावर उगवते. मातीवर पातीच एवढी असते की रोपाचं मूळ खाली पोचत नाही."

"लिहितो. पण आता माझ्या लिहिण्याला कोण..."

"लिही."

"हो."

ते उठले. ऊन कड्यावरून उतरायला लागलं तेव्हा पट्टा संपत आला. तीनशे अकरा. तीनशे बारा. हा आकडा सुयोग मनातल्या मनात ठेवत होता, मोठ्यानं म्हणायची परवानगी नव्हती. शेवटच्या झाडावरून त्यानं हात काढला. तळवा डिंकानं आणि भुशानं काळा झाला होता. संपलं, असं त्याला वाटलं, आणि संपलं वाटल्याची लगेच लाज वाटली.

चाचा अजून पुढं चालत होते. एका मोठ्या मेलेल्या झाडाच्या फांद्या जमिनीपर्यंत लोंबत होत्या. त्यांनी त्या बाजूला सारल्या. आत, बुंध्याला टेकून, पुरुषभर उंचीचं एक झाड होतं. कोवळं, मनगटाएवढ्या खोडाचं. लाल झालेलं. वरून ड्रोनला ते दिसणं शक्य नव्हतं.

सुयोग वाकून आत गेला. खोडाभोवती दोन्ही हातांची ओंजळ सहज बसली. सुया त्याच्या मानेवर, कॉलरच्या आत पडल्या.

"काय आहे?" चाचांनी बाहेरून विचारलं.

"रई."

"किती?"

सुयोगनं ओंजळ थोडी घट्ट केली. चाचा थांबले. घाई नव्हती त्यांना.

"एक," तो म्हणाला.